खाडी, डोंगर आणि बाजार : ठाणे-नवी मुंबईत नववी-दहावीचा भूगोल कसा शिकवावा

कळव्यात राहणारी आणि ठाण्यात शिकणारी मुलगी रोज सकाळी मुख्य भूमीवरून बेटावर येते आणि शाळा सुटली की परत मुख्य भूमीवर जाते. जुनं ठाणे साष्टी बेटाच्या पूर्व काठावर, कळवा पलीकडे आणि मध्ये खाडी. मुंबईला आपण सर्रास बेट म्हणतो, ठाण्याबद्दल तसं कुणाच्या मनातही येत नाही. वर्गात हे सांगून बघा. मुलं आधी मानत नाहीत, मग नकाशा मागतात. मुलांनी स्वतःहून नकाशा मागितला की तासाचं निम्मं काम झालं.

भूगोलाला दोनच प्रश्न असतात. एखादी गोष्ट कुठे आहे, आणि ती तिथेच का आहे? पाठ्यपुस्तक दोन्हींची उत्तरं देतं, पण मुलांना ते प्रश्न पडलेलेच नसतात, म्हणून उत्तरं पाठ करण्यापलीकडे त्यांच्या हाती काही उरत नाही. आपल्या भागात खाडी आहे, लाव्ह्याचे डोंगर आहेत, आखून वसवलेलं शहर आहे, राज्यातली एक मोठी बाजारपेठ आहे. हे सगळं शाळेपासून तासाभराच्या अंतरावर असताना फळ्यापासून सुरुवात करण्यात काही अर्थ नाही. वर्षभराचं काम कसं लावावं, ते पायरीपायरीने सांगतो.

पायरी १ : शाळा उघडण्याआधी दोन रकान्यांचं पान

एका पानावर डावीकडे पाठ लिहा आणि उजवीकडे त्या पाठासाठी दाखवता येईल अशी जवळची जागा. बाह्यप्रक्रियांसमोर येऊरच्या उतारावरचे पावसाळी ओढे आणि खाडीतला गाळ येईल. नागरीकरणासमोर घोडबंदर रोड, व्यापारासमोर वाशीचं एपीएमसी, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीचा घाऊक बाजार, मानवी वस्तीसमोर नवी मुंबईतलं एखादं गावठाण आणि त्याला खेटून आखलेला सेक्टर.

अंतर्गत हालचालींसमोर पारसिकचा डोंगर लिहा. डोंगर म्हणजे जमिनीला पडलेली घडी, अशी बहुतेक मुलांची समजूत असते. आपल्याकडचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तयार झाला. रस्त्यासाठी कापलेली दरड लांबून दाखवली तरी मुद्दा पोचतो, खदानीच्या आत मुलांना अजिबात नेऊ नका. वर्गात बेसॉल्टचा एक तुकडा ठेवा. त्यातली बारीक भोकं आणि काही भोकांत भरलेली पांढरी खनिजं भिंगातून बघितली की लाव्ह्यात वायूचे बुडबुडे होते हे वेगळं सांगावं लागत नाही.

काही पाठांसमोर जागा सापडणार नाही. हिमनदी किंवा वाळवंट ओढूनताणून ठाण्यात आणू नका. तिथे चांगली छायाचित्रं आणि व्हिडिओ वापरा.

पायरी २ : नकाशा वाचायच्या आधी नकाशा काढणं

पहिल्या आठवड्यात मुलांना शाळेच्या आवाराचा आराखडा काढू द्या. अंतर पावलांनी मोजायचं, एका पावलाची लांबी टेपने ठरवायची, दिशा होकायंत्राने घ्यायच्या आणि प्रमाण मुलांनीच निवडायचं. आलेख कागद पुरत नाही म्हणून प्रमाण बदलावं लागलं की प्रमाण म्हणजे काय ते तिथेच समजतं.

समोच्च रेषांसाठी, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांसाठी, शाडूची माती उत्तम. गणपतीनंतर ती हमखास कुणाच्या तरी घरी उरलेली असते. पारदर्शक डब्यात पारसिकसारखी लांबट, उत्तर-दक्षिण टेकडी बनवा. एका बाजूला उतार तीव्र ठेवा, दुसऱ्या बाजूला मंद. डब्यात दोन-दोन सेंटीमीटरने पाणी चढवा, दर वेळी पाण्याची कड टोकदार काडीने मातीवर कोरा आणि शेवटी पाणी काढून वरून बघत त्या रेषा कागदावर उतरवा. तीव्र उताराकडे रेषा जवळजवळ आलेल्या दिसतात आणि मुलं ते स्वतःच सांगतात. हा तास कधीच वाया जात नाही, त्यासाठी जोडतास मागून घ्या.

मगच भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा उघडा. १:५०,००० प्रमाणाचे खुले नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून नोंदणी करून उतरवता येतात. आपल्या भागाचा नकाशा मोठ्या कागदावर छापून घ्या आणि मोजमापं करू द्या. या प्रमाणात २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर. वाशीचा खाडीपूल १,८३७ मीटरचा, म्हणजे नकाशावर साधारण ३.७ सेंटीमीटर भरायला हवा. मोजल्यावर खाडीच्या पाण्याची रुंदी तेवढीच येते का? येत नसेल तर पूल कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो? ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य सुमारे १,६९० हेक्टरचं आहे. ते या नकाशावर किती चौरस सेंटीमीटर भरेल? उत्तर ६८च्या आसपास येतं, पण तिथवर पोचताना बऱ्याच मुलांची एकदा तरी चूक होते, कारण क्षेत्रफळाला प्रमाण दोन्ही बाजूंनी लागतं हे विसरलं जातं. ती चूक वर्गातच झालेली बरी.

नकाशा उघडा असतानाच ‘तिथेच का’ विचारा. ठाणे-बेलापूर रस्ता आणि ठाणे-वाशी रेल्वे डोंगराच्या पायथ्याजवळून का जातात? एका बाजूला पारसिकचा चढ, दुसऱ्या बाजूला खाजण आणि खाडी, मधली पट्टी अरुंद. मुंब्र्याजवळ रेल्वेचे काही रूळ डोंगराला वळसा घालतात आणि काही बोगद्यातून जातात. मुलांना तो वळसा नकाशावर बोटाने गिरवू द्या.

पायरी ३ : मैदानात एक काठी

अक्षांश-रेखांश आणि प्रमाणवेळ यांना मुलं फार घाबरतात. त्यावर एक मीटरची सरळ काठी हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. सपाट जागी ती ओळंब्याने उभी करा. सव्वाबारा ते एक या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा आणि बाजूला वेळ लिहा. सर्वांत आखूड सावली कधी पडली?

मुलांचा अंदाज बाराचा असतो, पण आपल्याकडे बाराला ती आखूड होत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२° ३०' पूर्व रेखांशावर ठरते आणि ठाणे साधारण ७२° ५८' वर आहे. फरक सुमारे साडेनऊ अंशांचा, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३८ मिनिटं. आपला स्थानिक मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३८ मिनिटांनी येतो. वर्षभरात तो साधारण १२:२२ ते १२:५२ या दरम्यान सरकतो, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि आस कललेली आहे. हे सरकणं टाळायचं असेल तर १ सप्टेंबरच्या आसपासचा दिवस घ्या. त्या सुमाराला घड्याळ आणि सूर्य यांच्यातला हा जादा फरक जवळपास शून्य असतो. ढग आडवे आले तर दोन-तीन दिवस पुढेमागे करा.

याच काठीने अक्षांशही मिळतो. २३ सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे विषुवदिनाला, एक मीटर काठीची सर्वांत आखूड सावली सुमारे ३५ सेंटीमीटर भरते. वहीत १० सेंटीमीटर उभी रेघ आणि तिच्या पायाशी ३.५ सेंटीमीटर आडवी रेघ काढा, टोकं जोडा आणि वरचा कोन कोनमापकाने मोजा. तो १९ अंशांच्या जवळ येतो. ठाण्याचा अक्षांश १९° १२' उत्तर. स्वतः मोजलेला आकडा ॲटलासमध्ये सापडला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. हीच मोजणी डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात पुन्हा करा. सावली ९२ सेंटीमीटरच्या आसपास जाते. जूनच्या २१ तारखेला आभाळ उघडलंच तर सावली जेमतेम सात सेंटीमीटरची, आणि तीही दक्षिणेला! सूर्य तेव्हा आपल्या उत्तरेला असतो. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला आहे हे या एका सावलीत दिसतं. शून्य सावलीचे दिवस मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येतात. एकदा शाळेला सुट्टी असते आणि दुसऱ्यांदा बहुधा पाऊस, म्हणून त्यांच्या भरवशावर बेत आखू नका.

पायरी ४ : पावसाची आणि भरतीची वही

सरळ बाजूंची, सपाट तळाची बाटली हे पुरेसं पर्जन्यमापक आहे. वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवा, बाहेर पट्टी चिकटवा आणि बाटली गच्चीत किंवा अंगणात उघड्यावर ठेवा. घोडबंदर, कळवा, मुंब्रा, ऐरोली अशा वेगवेगळ्या भागांतल्या आठ-दहा मुलांनी रोज सकाळी एकाच वेळी आकडा लिहायचा. महिन्याने ते आकडे नकाशावर मांडा आणि सारख्या पावसाच्या जागा जोडणाऱ्या समपर्जन्य रेषा काढा. आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत, आणि चर्चा नेमकी तिथूनच सुरू होते.

त्या चर्चेत २६ जुलै २००५ चा दिवस आणा. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस आणि त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७४. एकाच शहरात एवढी तफावत कशी, यावर मुलांना बोलू द्या. मग गणित घाला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. सहा बाय आठ मीटरच्या वर्गखोलीच्या गच्चीवर त्या दिवशी किती पाणी पडलं असतं? ४५ हजार लिटरहून जास्त. दहा हजार लिटरचे साडेचार टँकर! पर्जन्याचा आकडा मुलांना त्या दिवसापासून खरा वाटू लागतो.

भरतीसाठी पाण्याजवळ जायची गरज नाही. ट्रेनने किंवा बसने खाडी ओलांडणाऱ्या मुलांनी रोज त्याच वेळी खिडकीतून बघायचं की पाणी काठोकाठ आहे, मधलं आहे की चिखल उघडा पडलाय. शेजारी त्या दिवशीची तिथी लिहायची. महिनाभरात दिसतं की ठरावीक वेळेचं दृश्य साधारण पंधरा दिवसांनी परत येतं. मग कोळीवाड्यांत वापरात असलेला हिशेब सांगा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. तासभर इकडेतिकडे होतं. मुंबई बंदराच्या तक्त्याशी ताडून खाडीत आत भरती किती उशिरा येते, तेही मुलांना शोधू द्या. उधाण (सर्वांत मोठी भरती) आणि भांग (सर्वांत लहान भरती) हे शब्द पुस्तकातून निघून त्यांच्या वहीत येतात.

पाऊस आणि भरती एकत्र आले की काय होतं, हे नवी मुंबईच्या मुलांना धारण तलावांवरून दाखवा. शहराचा बराच भाग भराव घातलेल्या सखल जमिनीवर आहे. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही. खाडीच्या बाजूने दाब वाढला की झडपा मिटतात आणि पाणी तलावात साठून राहतं. ओहोटी लागली की ते बाहेर पडतं. तलावात गाळ साचला की साठवण घटते आणि रस्त्यावर पाणी दिसतं. हा एक तलाव नीट समजला तर नगररचना, हवामान आणि सागरजल या तिन्ही पाठांचा पाया पक्का होतो.

पायरी ५ : क्षेत्रभेट, नीट आखलेली

दहावीला क्षेत्रभेटीवर वेगळा पाठ आहे, आणि बहुतेक शाळांत तो बाकावर बसूनच शिकवला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. याहून चांगली जागा आपल्याला कुठे मिळणार?

तारीख भरती बघूनच ठरवा. चिखलाचे पट्टे, श्वसनमुळं आणि निवटे दाखवायचे असतील तर ओहोटी हवी, बोटीतून फिरायचं असेल तर पाणी हवं. चतुर्थी-पंचमीच्या सुमारास दुपारी तीन-चारला भरती, म्हणजे सकाळी नऊ-दहाला ओहोटी. सकाळी निघणाऱ्या शाळेला हा दिवस सोयीचा. छापील तक्त्यावर खात्री करून मगच केंद्राला कळवा. फ्लेमिंगो हवे असतील तर नोव्हेंबर ते मे या काळातला दिवस घ्या. मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, प्रथमोपचार पेटी, पाण्याच्या बाटल्या ही यादी तुम्हाला पाठच असेल.

वर्गाचे चार गट करा आणि कामं निघायच्या आधीच वाटून द्या. नकाशा गट वाटेत दिशा आणि अंतर टिपेल. गाळ-पाणी गट रंग, वास, कण आणि पाण्याची पातळी ठरावीक वेळाने लिहील. वनस्पती-प्राणी गट तिवराच्या पानाची खालची बाजू बघेल, पानांवरचं मीठ तपासेल, चिखलातून वर आलेली श्वसनमुळं चितारेल आणि ती वरच का वाढतात हे विचारेल. चौथा गट माणसांशी बोलेल.

या चौथ्या गटाची तयारी सर्वांत जास्त करून घ्या. चेंदणी कोळीवाडा किंवा दिवाळे गावात मुलं मासेमारी करणाऱ्यांना भेटतात आणि पहिलाच प्रश्न टाकतात, ‘काका, प्रदूषणामुळे मासे कमी झाले का?’ काका ‘हो’ म्हणतात आणि मुलाखत संपते. त्याऐवजी छापलेला नकाशा पुढे ठेवून विचारायला शिकवा. ‘काका, तुम्ही लहानपणी जाळं कुठे टाकायचात? आता कुठे जाता?’ दोन रंगांत खुणा करून घ्या. मासे विकणाऱ्या मावशींना विचारा की आजच्या टोपलीतलं खाडीचं काय आणि बंदरावरून आणलेलं काय. अशा उत्तरांना जागा असते, अंतर असतं, म्हणजे त्यावर भूगोल करता येतो. फोटो काढण्याआधी विचारायचं, आणि बाजाराच्या ऐन घाईत जायचं नाही.

अहवाल दुसऱ्याच दिवशी लिहायला घ्या. आठवडा गेला की सगळे अहवाल एकसारखे होतात. प्रत्येक अहवालात मुलांनी काढलेला एक नकाशा आणि त्यांनी मोजलेली एक गोष्ट असायलाच हवी.

पायरी ६ : बाजार आणि घरची माणसं

कोपरखैरणे-घणसोलीतल्या शाळांत माथाडी कुटुंबांतली पुष्कळ मुलं असतात. एपीएमसीच्या पाच बाजारांत, म्हणजे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य यांत, रोज काय येतं ते त्यांच्या घरी ठाऊक असतं. त्या मुलांना आठवडाभर घरून माहिती आणू द्या, की कांदा कुठून आला, सफरचंद कुठून, हापूसची पहिली पेटी कोणत्या तालुक्यातून. मोठ्यांबरोबर गेलेली मुलं ट्रकच्या पाट्याही टिपू शकतात. एमएच-१५ नाशिक, १२ पुणे, ११ सातारा, ०८ रत्नागिरी, ०७ सिंधुदुर्ग. पाटी गाडीची नोंदणी सांगते, मालाचं गाव सांगत नाही, ही मर्यादा मुलांना आधी शोधू द्या. मग नकाशावर बाण काढा, माल जास्त तिथे बाण जाड.

त्याच नकाशावर प्रत्येकाचं मूळ गाव लावा. कुणाचे आजोबा जावळीहून आले, कुणाचे जौनपूरहून, कुणाचं घर इथल्याच गावठाणात. कधी आले आणि कशासाठी, हे विचारल्यावर स्थलांतराचा पाठ पूर्ण होतो. कुणाला सांगायचं नसेल तर आग्रह करू नका.

आकडे वापरताना एक खबरदारी घ्या. २०११च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर आहे आणि तो तेव्हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. तो जुना आकडा आजच्या क्षेत्रफळाने भागला तर घनता भलतीच येते.

पायरी ७ : ठाण्यावरून ब्राझीलला

दहावीच्या सध्याच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी येतात. ब्राझील मुलांना परका वाटतो, म्हणून ओळखीच्या कारणापासून सुरुवात करा. माळशेज घाट चढून जुन्नरकडे गेलं की पाऊस कमी होतो, हे गावी जाणाऱ्या मुलांनी पाहिलेलं असतं. सह्याद्रीची पर्जन्यछाया फळ्यावर काढा आणि तिच्या शेजारीच ब्राझीलमधला अजस्र कडा आणि त्याच्या आडचा कमी पावसाचा भाग, म्हणजे अवर्षण चतुष्कोन. अटलांटिकवरून येणारे वारे कुठे अडतात, हे मुलं स्वतःच सांगतात.

नागरीकरणासाठीही हीच रीत. २०११ मध्ये भारतातली ३१ टक्के लोकसंख्या शहरी होती, २०१० मध्ये ब्राझीलची ८४ टक्के. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, ब्राझीलिया राजधानी झाली १९६० मध्ये. दोन्ही शहरं आखून वसवलेली. एक मुंबईची गर्दी हलकी करायला, दुसरं लोकवस्ती किनाऱ्याकडून आत न्यायला. दोन्हींचे उपग्रह नकाशे पडद्यावर लावा आणि रस्त्यांची आखणी बघू द्या. वेळेचा पाठ पुन्हा काढायचा असेल तर ब्राझीलियाची वेळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. काठी आठवत असेल तर हे गणित एका मिनिटाचं.

पायरी ८ : उत्तरपत्रिका

दहावीला भूगोलाचा पेपर ४० गुणांचा आहे, पालकांना त्याची काळजी असते आणि ती रास्तच आहे. डिसेंबरनंतर दर आठवड्याला एक आराखडा नकाशा भरून घ्या. सूची नसलेला नकाशा तपासायला घेऊ नका. ‘भौगोलिक कारणे लिहा’साठी प्रत्येक मुद्दा आधीच्या मुद्द्यातून निघायला हवा, एवढाच एक नियम लावा. सराव ओळखीच्या प्रश्नावर करा, ठाणे-बेलापूर रस्ता पायथ्यालगत का? ते चार मुद्दे साखळीने लिहिता आले की ‘ब्राझीलची लोकसंख्या किनारपट्टीजवळ केंद्रित का?’ हा प्रश्न द्या. आलेखाच्या प्रश्नात आधी एकक वाचायचं, मग रेषा, मग उत्तर.

वर्षाअखेर पावसाच्या वह्या, खिडकीतून केलेल्या भरतीच्या नोंदी आणि जाळ्यांच्या जागा दाखवणारे नकाशे पुढच्या नववीच्या वर्गाकडे द्या. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर बाटली नेमकी कुठे ठेवली होती, सकाळी किती वाजता वाचली आणि मधले कोणते दिवस सुटले, एवढं मुलांच्याच अक्षरात लिहून घ्या. नाहीतर पुढच्या वर्षीचे आकडे या आकड्यांशी ताडता येणार नाहीत.